काळजातलं ठिगळ

मी कापडाचा एक तुकडा बोलतोय. जरा भराभर बोलतो, राग मानू नका. एका मुलीच्या काळजात मला शिवलंय आणि तिथे घटकाभर उसंत म्हणून नाही.

आधी काय मजेत होतो! पाकिटात ताणून दिलेली. एके सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढून कात्रीने गोल कापलं. टेबलावर चार वर्षांची पोर. हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक. जरा चालली की धापा टाकत मटकन बसायची, म्हणून मामा तिला गोगलगाय म्हणायचा. तोच मामा आता दाराबाहेर हुंदके देतोय, असं नर्स सांगत होती.

रक्त यंत्राकडे सोपवून त्यांनी हृदय थांबवलं आणि मला भोकावर शिवलं. भोकाच्या खालच्या काठाने ठोक्यांचा हुकूम नेणारी एक नाजूक वाट जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिथे टाका वरवरच घ्यायचा. बाईंनी तसाच घेतला, निदान त्यांना तसं वाटलं.

हृदय पुन्हा सुरू झालं. पण एक ठोका पडला की दुसऱ्याचा पत्ताच नाही! मला वाटलं, वा, निवांत दिसतंय घर. मग मास्कवरचे सगळ्यांचे भेदरलेले डोळे पाहिले आणि माझी मजा पार उतरली.

ठोके सुधारतील म्हणून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "खालचा टाका खोल गेलाय माझा. पुन्हा थांबवूया."

"पुन्हा?" भूल देणारे डॉक्टर दचकले. "अहो, एवढंसं हृदय, सोसेल का त्याला?"

"आणि वाट उघडलीच नाही तर? जन्मभर छातीत बसवलेल्या यंत्राच्या ठोक्यांवर जगायचं का पोरीनं? थांबवा."

पुन्हा थांबवलं. तो टाका कापला, मला असं काही ओढलं की विचारू नका, आणि काठापासून दूर नवा टाका घातला. मग धक, धक, धक! बाई नुसत्या मॉनिटरवरच्या ठोक्यांच्या रेघेकडे बघत राहिल्या.

आता माझ्यावर तिच्याच पेशींचं अस्तर चढलंय. काल शाळेच्या मैदानावर ती अशी सुटली, की मामा मागून ओरडला, "अगं, थांब की! दम लागला मला!"

"तूच गोगलगाय!" म्हणत ती आणखी जोरात पळाली. इकडे माझी नुसती तारांबळ.

पळ पोरी, माझी काळजी करू नकोस. त्या दिवशी दोन ठोक्यांच्या मधे जेवढी विश्रांती मिळाली, तेवढी मला जन्माला पुरली.