बिनमालकाची मशीन

प्रोग्राम चालू करून माधवी चहा प्यायला खाली उतरली. काम अर्धवट टाकून चहाला जाणाऱ्यांतली ती नव्हती, पण त्या दुपारी तिला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

ती नोकरी करायची ती नितेशची कंपनी अमरावतीत, राजापेठेजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचे हिशेब आणि वेबसाइटी सांभाळायचं काम. पण कंपनीकडे स्वतःचा मोठा संगणक एकही नव्हता. सगळ्या मशिनी भाड्याच्या, हैदराबादेतल्या कुठल्याशा राक्षसी संगणकाच्या पोटात आखून दिलेल्या. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, बिल मात्र अगदी खरं येतं. या मशिनींना बटण नसतं. इथून प्रोग्रामने हुकूम पाठवायचा: चालू हो, बंद हो, पुसून जा. हुकमासोबत कंपनीची गुप्त चावी जोडलेली असली की पलीकडची यंत्रणा एका शब्दाने काही विचारत नाही.

बिल फुगलं तसं नितेशने फर्मान काढलं. "जिच्यावर कोणाचं नाव नाई अन् जी बंद पडून आहे, ती मशीन उडवून टाक." माधवीने तसा प्रोग्राम लिहिला. काय काय उडेल ते आधी एकदा नुसतं छापूनही पाहिलं, शहाण्या माणसासारखं. सगळा कचराच निघाला.

त्या कचऱ्यात सुगतची मशीन नव्हती. सुगत तिचा धाकटा भाऊ, अकोल्याला शेतीशास्त्रात पीएचडी करणारा. बाळापूर, दर्यापूरकडची शेतं तुडवून त्याने कपाशीच्या बोंडांचे फोटो काढले होते, एकेका फोटोत गुलाबी अळीने कुठे भोक पाडलंय त्याच्या खुणा स्वतः केल्या होत्या, आणि नुसत्या फोटोवरून अळी ओळखायला तो संगणकाला शिकवत होता. त्याला दमदार मशीन हवी होती आणि शिष्यवृत्ती अडकून पडली होती. माधवीने कंपनीच्या खात्यातून गुपचूप एक काढून दिली. मालकाच्या रकान्यात भावाचं नाव घालावं तर नितेशला दिसणार, कंपनीचं घालावं तर खोटं होणार. तिने रकाना रिकामा सोडला आणि आपण काही खोटं बोललो नाही, असं मनाला पटवलं. माणूस स्वतःचीच वकिली करायला लागला की असा हुशार होतो. शिवाय ती मशीन रात्रंदिवस चालूच असायची, त्यामुळे नितेशच्या फर्मानाचीही तिला धास्ती वाटली नाही.

चहा हातात आला आणि फोन वाजला.

"ताई, बडनेरा येऊन राहिलं," सुगत म्हणाला. "अकोल्याले पोचलो की लागतोच कामाले. उद्या सकाळी कमिटीसमोर दाखवायचं आहे नं सारं. तेवढी मशीन चालू करून ठेवशील काय?"

"चालू? बंद कावून आहे?"

"दीक्षाभूमीले निघालो तवा बंद केली. बाबा नाई का, गावाले निघाले की मेन स्विच पाडतात? म्हटलं, फुकट कायले चालू ठेवा."

त्यांचे वडील किसनराव वीज मंडळात लाइनमन होते. मेन स्विच खाली पाडल्याशिवाय त्यांनी घराला कधी कुलूप लावलं नाही, आणि दोन्ही लेकरांच्या अंगात ती सवय मुरलेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरचे सगळे नागपूरला गेले होते, एकटी माधवी या प्रोग्रामपायी मागे राहिली होती. हुकूम देऊन मशीन बंद कशी करायची, हे सुगतला शिकवलंही तिनेच होतं.

"फोन ठेव," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. चहा टाकून ती जिना चढली.

पडद्यावर एकेक नाव पुसलं जात होतं. सुगतची मशीन, 'कपाशी', अजून खाली होती, पण वरची नावं भराभर कमी होत होती. माधवीने प्रोग्राम थांबवला. तो पुन्हा उठला. तिने परत थांबवला, तो परत उठला. काम मध्येच बंद पडलं तर आपोआप उठून पुढे चालू व्हावं, ही सोय तिनेच मोठ्या हौसेने करून ठेवली होती, आणि ती उलगडत बसायला आता सवड नव्हती. एकच मार्ग उरला होता. चावीच रद्द करायची. ते फक्त नितेशला करता येत होतं.

नितेश काचेच्या केबिनमध्ये महादेवरावांसोबत बसला होता. महादेवराव अकोल्याचे जिनिंगवाले, कापसातली सरकी काढणाऱ्या आपल्या कारखान्याचा सगळा हिशेब कंपनीकडे सोपवायला आलेले. नितेश कितीतरी दिवसांपासून त्यांच्या मागे होता. माधवी दार न वाजवताच आत घुसली.

"सर, चावी रद्द करा. आत्ता. प्रोग्राम बिघडला."

"उडवून तं कचराच राहिला नं तो? उडू दे. मीटिंग चालू आहे, दिसून नाई राहिलं काय?"

तिने काचेतून पडद्याकडे पाहिलं. भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त लाज.

"त्यात माह्या भावाची मशीन आहे, सर. कंपनीच्या खात्यातून मीच देली. तुमाले न सांगता. त्याचं तीन वर्षांचं काम आहे तिच्यात."

महादेवरावांनी चष्मा काढला. "अन् आमचं बी असंच उडालं तं?"

चावी रद्द केली की सगळ्या गिऱ्हाइकांची कामं नवी चावी लागेपर्यंत अडणार, हे नितेशला ठाऊक होतं. त्याने माधवीकडे असं पाहिलं की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि लॅपटॉप ओढला. पलीकडून मोबाइलवर आकडा यायचा होता. तो येईना. नितेशने पुन्हा मागितला. आला, त्याने घाईत चुकीचा टाकला, शिवी हासडली, परत टाकला. चावी रद्द झाली.

माधवी धावत आपल्या जागेवर आली. 'कपाशी'पुढे लिहिलं होतं: पुसली.

सुगतला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. मग तिने पुढची ओळ वाचली. आधी मशीन पुसायची आणि मग तिची डिस्क, असे दोन वेगळे हुकूम होते, आणि सगळं साठवलेलं असतं ते डिस्कवर. डिस्कचा हुकूम पलीकडे पोचला तेव्हा चावी मेलेली होती. यंत्रणेने तो नाकारला होता. माधवी टेबलावर डोकं टेकून रडली. कोण बघतंय याची तिने पर्वा केली नाही.

"नितेशभाऊ, कळवतो मंग," असं म्हणून महादेवराव निघून गेले. ते काही कळवणार नव्हते, हे दोघांनाही समजलं. नितेशने नवी चावी काढली आणि स्वतःच नवी मशीन उभी करून सुगतची डिस्क तिला जोडली.

"मांगितली असती तं देली असती मी," मग तो म्हणाला. "आता हे चावी तुह्या हातात नाई देणार, माधवी. नोकरीचं काय करायचं, ते थोड्या वेळानं बोलू."

"हो सर," ती म्हणाली. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

बाहेर येऊन तिने सुगतला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "तुहं काम वाचलं. मशीन चालू आहे. तू सरळ अकोल्याले जाय, उद्याची तयारी कर."

"गाडी तं गेली," सुगत म्हणाला. "तुहा आवाज आयकला अन् बडनेऱ्याले उतरलो. ऑटोत आहो, येऊनच राहिलो."

"येडा झाला काय? उद्या कमिटी आहे नं!"

"सकाळच्या पयल्या गाडीनं जाईन. मशीन माह्यासाठी घेतली तं सरांसमोर एकटी कायले उभी राहशील तू?"

माधवीने ओढणीने तोंड पुसलं, केबिनपर्यंत गेली आणि या वेळी दार वाजवलं.

"सर, थोडं थांबाल काय? माहा भाऊ येऊन राहिला."