फुलसम्राट आणि माफीनाम्याचे तिसरे पान

कार्तिक महिन्यातील एका सकाळी माझ्या नावाने शिरूरहून रजिस्टर टपाल आले. माझे नाव रोहिदास, मुक्काम पोस्ट खुटबाव, तालुका दौंड. शेवंतीची शेती हा माझा व्यवसाय असून लेखन हा माझा ध्यास आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या वर्गात मी बसलो होतो, परंतु परीक्षेस बसण्याचा योग आला नाही. गेली चार वर्षे मी ‘बांधावरून’ या नावाचा ब्लॉग मोबाईलवर एका बोटाने लिहीत आहे. बियाणे, औषधे, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या यांविषयी जे अनुभवास येते तेवढेच मी त्यात नमूद करतो. वाचकसंख्या मर्यादित आहे, पण ती निष्ठावान आहे.

पाकिटातून सात पानांची इंग्रजी नोटीस निघाली. ‘गिरिजांकुर ॲग्रो सायन्सेस’ या कंपनीने ती वकिलामार्फत धाडली होती. ही कंपनी ‘फुलसम्राट’ नावाचे टॉनिक विकते. ते फवारल्यास शेवंतीला दीडपट फुले लागतात, असे बाटलीवर छापलेले आहे. मी आठ सऱ्यांपैकी चार सऱ्यांवर ते फवारले आणि चार सऱ्या कोऱ्या ठेवल्या. माझी पत्नी सरूबाई हिने तीन तोड्यांपर्यंत, म्हणजे फुले तीनदा तोडून होईपर्यंत, प्रत्येक सरीतील फुले मोजली. दहा फुलांमागे ज्वारीचा एक दाणा ती त्या सरीच्या तांब्यात टाकीत असे. अखेरीस चारही कोऱ्या सऱ्यांचे तांबे अधिक भरले. हे सर्व मी ब्लॉगवर लिहिले आणि शेवटी पुढील निष्कर्ष मांडला: ‘फुलसम्राट हे औषध झाडाला कोणताही अपाय करीत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो, कारण ते झाडाला काहीच करीत नाही.’

हे वाक्य कोणी तरी व्हॉट्सॲपवर टाकले आणि ते पारनेरपासून बारामतीपर्यंत फिरले. त्याचे फळ म्हणजे अब्रुनुकसानीच्या दाव्याची ही नोटीस होय.

मी ती घेऊन दौंडला पोपटराव वकिलांकडे गेलो. ते आमच्या मामांच्या गावचे असल्याने माझ्याशी एकेरीत बोलतात. त्यांनी चष्मा लावून सातही पाने वाचली आणि पाचव्या पानावर ते इतके हसले की त्यांच्या कारकुनाने पाणी आणून दिले.

“तुजं वाक्य इंग्रजीत केलंय रे ह्यांनी,” ते म्हणाले. “इंग्रजीत तर लईच झोंबतंय. मला सांग, लिवलंय त्ये खरं हाय का?”

“अक्षरशः सत्य आहे.”

“मग काळजी नको. केस तू जिंकशील. आठ-धा वर्षं लागतील फकस्त.”

“आणि तोपर्यंत?”

“तवर शिरूरच्या कोर्टात तारखा. चौफुल्यावरनं न्हावऱ्यामार्गे येष्टी हाय. तारीख पडली की जायाचं, पुढची तारीख घिऊन माघारी यायचं.”

शेवंतीचा तोडा दर चौथ्या दिवशी असतो. तोड्याच्या दिवशी मी न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा आहे आणि इकडे फुले झाडावरच काळी पडत आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. माझा चेहरा पाहून वकिलांनी कंपनीला फोन लावला. बोलणे झाले. कंपनीची अट अशी की तिने तयार केलेल्या माफीनाम्यावर मी सही करावी आणि लेख काढून टाकावा. मग दावा होणार नाही. येत्या बुधवारी कंपनीची माणसे माझ्या शेतावरच कागद घेऊन येतील, म्हणजे गावात गवगवा होणार नाही.

“माफीनाम्यात काय लिहिले असेल?” मी विचारले.

“दुसरं काय असनार? तू खोटं लिवलंस, आन् मोजणी-बिजणी काय झालीच न्हाई.”

घरी येऊन मी हा वृत्तान्त सरूबाईस सांगितला. ती चुलीपुढे भाकरी थापीत होती. तिचे हात थांबले.

“मोजणी झाली न्हाई?” ती म्हणाली. “मग मी तीन तोडे वाकून वाकून काय ढेकळं मोजीत हुते?”

“अगं, तो केवळ कागदोपत्री मजकूर आहे.”

“तुमी कागदावरच जगता न्हवं? कागदावर लिवलं म्हंजी खरं, असं तुमीच सांगता सगळ्यास्नी. तुमी सही केली की मी खोटी ठरले. मंग उद्या बाजारात माप घालताना कोन इस्वास ठेवंल माज्या मापावर?”

तिचे म्हणणे रास्त होते. तथापि शिरूरच्या तारखांचे भय माझ्यापाशी होते, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री ते भयच जिंकले. सही करावयाची असा मी मनोमन निश्चय केला आणि तो सरूबाईस सांगितला नाही.

बुधवारी सकाळी मी तिला भाजी आणण्याच्या निमित्ताने केडगावला धाडले. दहाच्या सुमारास कंपनीची गाडी आली. गुप्तपणे येण्याचे ठरले होते. परंतु गाडीच्या दारावर पुरुषभर उंचीचे पिवळे शेवंतीचे फूल रंगवलेले होते आणि टपावर कर्णा होता. विभागीय व्यवस्थापक पृथ्वीराज साहेब यांची रोजची गाडी तीच असल्याने ते तीच घेऊन आले होते. भर चौकातून, हनुमानाच्या देवळापुढून.

त्यांच्याबरोबर कंपनीच्या वकील अपेक्षा मॅडम होत्या. वयाने तरुण, पण बोलण्यात अतिशय नेमक्या. बांधावरील लिंबाखाली त्यांनी तीन पानांचा मराठी माफीनामा माझ्या हाती ठेवला. पहिल्या पानावर होते, ‘मी अल्पशिक्षित असून...’

“हा शब्द मला मान्य नाही,” मी म्हणालो.

“कोणता?”

“अल्पशिक्षित. मी नववी उत्तीर्ण आहे. तसे लिहावे.”

मॅडमनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. मॅडमनी तो शब्द खोडून वर ‘नववी उत्तीर्ण’ असे लिहिले व आपली आद्याक्षरे घातली. मी समाधानाने पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर कंपनीच्या नावलौकिकाचे वर्णन होते, तेथेही केली. तिसऱ्या पानावर प्रारंभीच लिहिले होते, ‘माझ्या पत्नीने फुले मोजली हे विधान असत्य असून अशी कोणतीही मोजणी झालेली नाही.’

माझे पेन तेथे थबकले. एका शब्दासाठी मी एवढा भांडलो आणि या वाक्यासाठी माझ्या तोंडून काहीच निघेना, याची मला लाज वाटली. तरीही मी पेन कागदाला टेकवले. एवढ्यात बांधापलीकडून आरोळी आली.

“रोहिदास! आरं ताडपत्री कुठं हाय? मानसं काय ढेकळावर बसवतो व्हय?”

ते तात्याबा होते. तात्याबांचे वय पंचाहत्तर असून, खुटबावात कोणत्याही कंपनीचा पीक पाहणीचा कार्यक्रम झाला की त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असते. निरनिराळ्या कंपन्यांच्या अकरा टोप्या त्यांच्या घरी खुंटीला आहेत. गावात रंगवलेली गाडी आली म्हणजे कार्यक्रम असणार, कार्यक्रम म्हणजे टोपी आणि नाश्ता असणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तात्याबांनी चौकात गाडी पाहताच पुकारा केला होता. त्यांच्या मागे साठ-सत्तर माणसे शेतात शिरत होती. कोणी नारळ घेतला होता, कोणी खुर्ची डोक्यावर घेतली होती.

“तात्याबा, हा कार्यक्रम नव्हे,” मी काकुळतीने म्हणालो. “हे माझे खाजगी काम आहे.”

“कंपनी कदी खाजगी आस्ती व्हय? बाजूला हो. या सायेब, बसा. बाई, तुमी बी बसा.”

पाच मिनिटांत ताडपत्री पसरली गेली, उदबत्ती लागली, आणि पृथ्वीराज साहेबांच्या गळ्यात माझ्याच शेतातल्या शेवंतीचा हार पडला. मॅडम त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, “साहेब, काहीही बोलू नका. तिसरी सही घ्या आणि निघू.”

“मॅडम,” साहेब हळूच म्हणाले, “सत्तर शेतकरी समोर बसलेत.”

सतरा वर्षे औषध विकलेल्या माणसाला, समोर बसलेला शेतकरी पाहून गप्प राहणे शक्य नसते, हे मला त्या दिवशी उमगले. साहेब उठले. प्रथम हळू, मग जोरात, मग गाडीवरचा कर्णा सुरू करून त्यांनी फुलसम्राटाची महती सांगितली. फूल कसे मोठे होते, पाकळी कशी टिकते, रंग कसा चढतो, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण येथे कशासाठी आलो होतो, याचा साहेबांना पूर्ण विसर पडला असावा.

“लई झ्याक,” तात्याबा उठून म्हणाले. “आता प्लॉट बघायचा. पर सायेब, आमच्या गावची एक रीत हाय. औषिदाची सरी शेतकऱ्यानं दावायची न्हाई. कंपनीनं सोता वळखायची. आपलं लेकरू आपुन वळखत न्हाई का?”

“का नाही!” साहेब म्हणाले.

“साहेब!” मॅडम म्हणाल्या.

पण साहेब शेवंतीत उतरले होते. एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन सरूबाई बांधावर येऊन उभी राहिली. गर्दी, हार घातलेले साहेब, आणि माझ्या हातातले पेन, असे तिने एकामागून एक पाहिले. मी पेन पाठीमागे लपवले.

साहेबांनी दोन्ही बाजूंनी सऱ्या निरखल्या आणि तिसऱ्या सरीपाशी जाऊन हात उंचावला. “ही पाहा! असा फुलोरा औषधाशिवाय येतच नाही. ही फुलसम्राट!”

तात्याबांनी सरूबाईकडे पाहिले. तिने पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, “फवारलेल्या सरीच्या पयल्या झाडाच्या बुडाला निळी सुतळी बांधलीया. बगा वाकून.”

साहेबांनी वाकून पाहिले. सुतळी नव्हती.

“ही कोरी हाय,” सरूबाई म्हणाली.

“असेल, असेल. शेजारच्या औषधाचा वारा लागला असेल,” साहेब म्हणाले. “तर मग ही पाचवी. ही तर शंभर टक्के.”

पाचव्या सरीलाही सुतळी नव्हती. मागे बसलेले कोणी तरी म्हणाले, “सायेब, तुमचं लेकरू हरिवलं वाटतं!” आणि ताडपत्रीवर हशा उसळला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सातवीकडे बोट केले. तीही कोरी निघाली. शेवटी त्यांनी सर्वांत विरळ दिसणाऱ्या दुसऱ्या सरीकडे हात झटकून म्हटले, “मग काय, ही?”

“हां,” सरूबाई म्हणाली, “ही तुमची.”

सुतळी तेथे होती.

आता मॅडम सरूबाईपाशी गेल्या आणि त्यांनी मोजणी कशी केली ते विचारले. सरूबाईने तांबे, ज्वारीचे दाणे, तीन तोडे, सर्व सांगितले.

“हे तुम्ही न्यायालयात सांगाल?”

“न्यायालयात कशापायी? हितंच सांगते की. दाने आजून ठिवल्यात. तुमी मोजा.”

मॅडमनी फाईल मिटली. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आता दावा लावला तर पहिले साक्षीदार तुम्हीच. आणि तुमच्यामागून हे सत्तर.”

साहेबांनी गळ्यातला हार काढला, पुन्हा घातला, आणि अखेरीस गाडीतून टोप्यांचा गठ्ठा काढून वाटू लागले. दुसरे काही करण्यासारखे त्यांच्याजवळ नव्हते. तात्याबांनी बारावी टोपी घालून नाश्त्याची चौकशी केली, तेव्हा साहेबांनी यवतहून भेळ मागवली. ती चांगली होती, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

माफीनाम्याची तिन्ही पाने मॅडम सरूबाईच्या हाती देऊन गेल्या. सरूबाई तिसरी शिकलेली आहे. माझी सही तिला ओळखता येते. गर्दी पांगल्यावर तिने पाने एकेक करून उलटली.

“दोन पानं केलीसा की.”

“तिसऱ्यावर मी थांबलो होतो,” मी म्हणालो.

“थांबला हुता, का तात्याबा आलं?”

जे खरे होते ते मी सांगितले. “तात्याबा आले.”

ती भाजीची पिशवी उचलून घरी गेली. दोन दिवस तिने मला वाढले, पण ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी बांधावर बसून नवा लेख लिहिला. त्यात पाहणीची हकीकत होती, मोजणी करणाऱ्याचे नाव म्हणून सरूबाईचे पूर्ण नाव होते, आणि भयापोटी मी दोन पानांवर सही केली होती, हेही होते. हे शेवटचे लिहिण्यास मला सबंध दुपार लागली.

संध्याकाळी प्रसिद्ध करण्यापूर्वी मी तो तिला वाचून दाखवला. ती लसूण सोलीत ऐकत होती. साहेबांच्या सऱ्यांपाशी ती दोनदा हसली. दोन सह्यांचा मजकूर आला तेव्हा मी वाचनाचा वेग किंचित वाढवला.

“तिथं जरा सावकाश वाचा,” ती म्हणाली. “आन् परत पयल्यापासनं.”