भाऊजींचा हिरवा फ्लॉवर

आमचे थोरले भाऊजी नोकरीत असताना रस्त्यांची मापं काढायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून घरामागच्या बागेकडे वळले. यंदा त्यांनी हिरव्या फ्लॉवरची सहा रोपं लावली आणि आठ दिवसांत त्यातले जाणकार झाले. पुस्तकाची चाळली असतील पाच पानं, पण बोलायचे असे, जणू फ्लॉवर यांना विचारूनच उगवतो.

गड्डे लिंबाएवढे झाले तेव्हा त्यांनी पानं वर ओढून सुतळीनं आवळली. "गड्ड्याला ऊन लागता कामा नये," मला बजावलं.

"अहो, ते पांढऱ्या फ्लॉवरचं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी भाजीचा मळा. "हिरव्याला ऊनच नाही मिळालं, तर रंग कुठून यायचा?"

"तू स्वयंपाकाचं बघ."

पाण्याच्या टाकीमागच्या रोपाची सुतळी मात्र जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी सोडली. तिथवर वाकून बघण्याचे कष्ट भाऊजी कशाला घेतायत!

तीन आठवड्यांनी आम्हा नवराबायकोला आणि त्यांच्या जुन्या साहेबांना जेवायला बोलावलं. सगळ्यांसमोर पानं सोडली. पाचही गड्डे कावीळ झाल्यासारखे पिवळट.

"शिजला की हिरवा होतो," भाऊजी म्हणाले. मग स्वयंपाकघरातही घुसले आणि ते गड्डे पातेलंभर पाण्यात अर्धा तास उकळत बसले. घरभर ओल्या मोज्यांचा वास. झारा घातला, तर नुसता लगदा.

जाऊबाईंनी टाकीमागचा गड्डा आणला, तुरे सुटे केले. तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, वर तुरे. चार मिनिटं झाकण, मग मीठ आणि मिरपूड. हिरवागार, दाताखाली कुरकुरीत.

साहेबांनी तीनदा मागून घेतला. "वा! हात आहे तुमचा!" ते भाऊजींना म्हणाले.

"मग! ऊन लागूच दिलं नाही."

जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. "याची सुतळी मी पहिल्याच दिवशी सोडली होती. तुमचा तो पातेल्यात आहे. वाढू?"

साहेबांनी घाईनं ताटावर हात आडवा धरला. आमच्या ह्यांना ठसका लागला.

"तरीच कडवट लागतोय," भाऊजी पुटपुटले आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

दुसऱ्या दिवसापासून बाग जाऊबाईंकडे आहे. भाऊजींना पाणी घालायला ठेवलंय, तेही किती घालायचं ते विचारून.