रिम्माची इंग्रजी

"‘टेक ऑफ’ म्हणजे?" नाटकाच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा काखेत धरून इझोल्दा मार्कोव्हनांनी विचारलं.

"काढणे. कोट काढणे." रिम्मानं समोरच्या बाईंचा बर्फानं ओला झालेला कोट खुंटीला अडकवला आणि नंबराचा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला.

"आणि विमानानं टेक ऑफ केलं तर?"

"तर विमानानं कोट काढला."

इझोल्दा मार्कोव्हना हसल्या नाहीत. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता त्यांचं हसू आटलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या रशियातल्या पेर्म शहराच्या याच थिएटरात माहितीपत्रकं विकायला लागल्या होत्या. रिम्मा मात्र तरुणपणापासून इथंच, लोकांचे कोट सांभाळत आलेली.

तिचा खरा राग या जोडशब्दांवर होता. क्रियापद ओळखीचं, मागची शेपटीही ओळखीची, पण दोघं एकत्र आले की ओळख दाखवत नाहीत. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, आणि वर देणे म्हणजे म्हणे हार मानणे! आपल्या रशियनमध्ये अशी लुडबुड शब्दाच्या आधी, तोंडासमोर चालते, हे लोक पाठीमागून दगा देतात, असं ती कुरकुरायची. तरी कोट घेताना ‘हँग अप’, देताना ‘पुट ऑन’ असं तिचं पुटपुटणं चालूच असायचं. कोट सांभाळणाऱ्या बाकीच्या बायका एकमेकींना खुणावायच्या, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून. रिम्माला त्याचं काही नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा ग्लेब इंग्लंडात, लीड्सला, गेल्या हिवाळ्यात वारला. मेंदूत गाठ होती. व्हिसा वेळेत मिळाला नाही, तिला मातीलाही जाता आलं नाही. सून हेदर इंग्रज. इतकी वर्षं सासूसुनेच्या मध्ये ग्लेब बसायचा, इकडचं तिकडे सांगायचा. तो गेला आणि दोघी मुक्या झाल्या. फोनमधल्या भाषांतराच्या यंत्राला रिम्मानं एकदा बोलायला लावलं, तर त्यानं तिच्या लेकाचं मरण स्टेशनावर गाडी लागल्यासारखं जाहीर केलं. पुन्हा तिनं त्याला हात लावला नाही.

त्याहून वाईट म्हणजे, दफनाच्या दिवशी हेदरनं फोनवर सगळं दाखवलं, त्यात ती येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होती. नवऱ्याच्या मातीला हसणारी बाई! रिम्मानं फोन बंद केला, आणि नंतर हेदरचे कितीतरी फोन उचललेच नाहीत.

"अहो, तिकडं रडू आवरायला हसतात," इझोल्दा मार्कोव्हनांनी एकदा सुनावलं. "आपलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं नाही, अशी त्यांची रीत. तुम्ही त्या पोरीला फुकट दोष देताय, रिम्मा येगोरोव्हना."

रिम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात तिनं त्यांच्याकडे शिकवणी धरली. तिला एवढंच हवं होतं. ग्लेबचे शेवटचे दिवस कसे गेले, ते हेदरच्या तोंडून ऐकायचं, मध्ये कुणी परका नको.

सोमवारी थिएटर बंद असायचं. अशाच एका सोमवारी दुपारी तिनं केस विंचरले, चांगला ब्लाऊज घातला आणि स्वयंपाकघरात बसून फोन लावला. हेदर पडद्यावर आली ती हसतच. रिम्मानं या वेळी त्या हसण्याखाली बघितलं. पोरगी किती वाळली होती!

"मी फोन नाही घेतला. मी वाईट," रिम्मा तुटक तुटक इंग्रजीत म्हणाली. "आता सांग. ग्लेब. शेवटचे दिवस. हळू सांग."

हेदर सांगू लागली. हळू म्हणता म्हणता तिचा वेग वाढायचा, मग ती थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगायची. रिम्माला अर्धंमुर्धं कळत होतं. खाणं सुटलं होतं. दुखत नव्हतं, औषध होतं. मग इंग्रजी त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली, तो फक्त रशियन बोलत होता. हेदरचं हसू कधी गेलं ते तिलाही कळलं नसेल.

"एकच वाक्य," ती म्हणाली. "माझा हात धरून, सारखं तेच. इतक्यांदा ऐकलं की माझ्या तोंडी बसलं. दुसऱ्या कुणाला विचारवेना. तुम्हालाच विचारायचं होतं, म्हणून फोन करत होते. ते माझ्यासाठी होतं का?"

आणि तिनं ते रशियन वाक्य म्हणून दाखवलं. उच्चार वेडेवाकडे होते, पण एकही शब्द हरवला नव्हता.

मला घरी ने ना, मी केव्हाच कपडे घातलेत.

रिम्माला लहानपणचा ग्लेब दिसला. प्रेक्षक आत जाऊन बसले की ती बालवाडीकडे पळत सुटायची. बाकीची पोरं केव्हाच गेलेली असायची. ग्लेब एकटा बुटक्या बाकावर, टोपी, मफलर, लोकरीचे बूट घालून घामाघूम बसलेला. आधीच तयार होऊन बसलं तर आई लवकर येते, अशी त्याची समजूत होती. ती दिसली की तो हेच म्हणायचा.

हेदर वाट बघत होती. सांगण्यापुरती इंग्रजी आता रिम्माकडे होती. न्यायला येण्यासाठी ‘पिक अप’ होतं, कपडे घालण्यासाठी ‘पुट ऑन’ होतं. तिनं त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तो म्हणाला, नीट कपडे घाल. बाहेर थंडी आहे. तुला म्हणाला."

हेदर रडता रडता हसली. "रोजच म्हणायचा तो. मी घराबाहेर पडले की रोज." मग तोंडावर हात ठेवून ती मोकळेपणानं रडली. रिम्मा पडद्यासमोरून हलली नाही. हेदरचं रडणं ओसरेपर्यंत ती बसून राहिली, पुढच्या सोमवारी पुन्हा बोलायचं ठरलं आणि फोन बंद झाला.

मग रिम्मा उठली. तिनं कोट घातला, टोपी घातली, वाकून बूट चढवले. कुठंच जायचं नव्हतं. दाराजवळच्या स्टुलावर बसत ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "आले रे. निघालेच."