राक्षसाच्या दाढेचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनं गोष्टींचं पुस्तक बोलतोय. दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर माझा मुक्काम. माझ्या पोटात अंधाराला घाबरणारं भूत आहे, छत्र्या विकणारा ढग आहे आणि दाढ दुखते म्हणून गावभर रडत फिरणारा राक्षस आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कोराकरकरीत होतो. गाल सुजलेली माणसं मला उघडत आणि हसता हसता "आई गं!" करून गाल धरत. याहून मोठी शाबासकी कुठली? आतून हाक आली तरी म्हणत, "डॉक्टर, एवढं पान संपवतो."

मग माझे दिवस फिरले. टेबल डुगडुगतं म्हणून कंपाउंडरकाकांनी माझं कव्हर काढलं आणि घडी घालून त्याच्या पायाखाली सारलं. लेखकाचं नावही त्याबरोबर गेलं. पुढे एका आईने लेकाचा काढलेला दात माझ्या शेवटच्या पानात बांधून नेला. दाढ उपटायला सारं गाव शिड्या लावून राक्षसाच्या तोंडात शिरतं, तिथेच गोष्ट थांबली.

डॉक्टरांची लेक शाळेतून आली की मला वाचायची आणि शेवटी तोंड एवढंसं करायची. "बाबा, पुढे काय झालं?" बाबांना काय ठाऊक! मलाही ठाऊक नव्हतं. माझ्यात एवढी गंमत कुणी भरली, हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटे.

एके दिवशी दवाखान्याला रंग द्यायचं ठरलं. रद्दीवाला दारात आला. त्याच्या गठ्ठ्यात मीही होतो. मनात आलं, आपल्याला घडवणाऱ्याचं नाव न कळताच आपण जाणार. तेवढ्यात लेकीने मला ओढून काढलं. बाकावर एक बाई गाल धरून बसल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून ती वाचू लागली, "राक्षस म्हणाला, अहो, जरा चपला काढून आत या..."

"...आत्ताच चूळ भरलीय," बाई हळूच म्हणाल्या.

लेक थबकली. पान तर अजून उलटायचं होतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिलंय गं. मला वाटलं, सगळ्या प्रती केव्हाच रद्दीत गेल्या."

"काहीतरीच!" असं पुटपुटत कंपाउंडरकाकांनी रंगासाठी टेबल उचललं. खालून माझं कव्हर निघालं. त्यावर नाव होतं आणि एका तरुण मुलीचा हसरा फोटो. डॉक्टरांनी तो नीट पाहिला आणि बाईंना म्हणाले, "जरा आ करा." आत डोकावून ते चाटच पडले. "फोटोतलाच सुळ्यावर चढलेला दात! अहो, याच त्या!"

मी तर थक्क झालो. भूत, ढग, राक्षस, सगळे या सुजलेल्या गालाच्या बाईंच्या डोक्यातून निघाले होते! ज्या हातांनी मला लिहिलं तेच हात माझ्या पानांवरून फिरत होते.

दाढ काढून बाई बाहेर आल्या, तर लेक दारातच उभी. "पुढे काय झालं?" तोंडात कापूस, बोलणार कशा? त्यांनी पेन मागितलं आणि कव्हराच्या आत लिहिलं, "दाढ निघाली. राक्षस इतक्या जोरात हसला की सारं गाव उडून आपापल्या अंगणात पडलं. सरपंच तेवढे चुकून शेजारच्या गावात पडले. ते अजून तिथलेच सरपंच आहेत."

लेक पोट धरून हसली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आपल्या गोष्टीला हसणारं माणूस त्यांनी समोर कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. दाढ ठणकत असेल, असं कंपाउंडरकाका म्हणाले.

आता कव्हर मला पुन्हा चिकटलंय. मित्रांनो, एखादं पुस्तक तुम्हाला हसवून गेलं, तर ते कुणी लिहिलं तेही वाचत जा. लिहिणारं माणूस तुमच्याच बाकावर गाल धरून बसलेलं असेल. टेबल मात्र पुन्हा डुगडुगतंय. खुशाल डुगडुगू दे!