एका माणसाचं पाणी

"इथे भोक पाडलं, तर आपण तिघंही गाडीसकट वर जाऊ," गाडीखालून फिटरचा आवाज आला.

ताई पुढच्या सीटवरून वाकून पाहत होती. तिला फिटरचे फक्त दोन पाय दिसत होते आणि ते पाय मोठे निवांत वाटत होते. वर जायची घाई कुणालाच नव्हती.

"मग टाकीचे बोल्ट मारायचे कुठे?" बाळ्याने विचारलं.

"कारखान्यानेच जागा दिल्यात, तेवढ्यात. बाकी सगळ्या तळाखाली बॅटरी झोपलीय. झोपलेल्याला टोचायचं नसतं."

बाळ्या हा ताईचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटून डोक्यावर चंद्र उगवला तरी तो बाळ्याच राहिला होता, कारण त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायची ताईची तयारी नव्हती. दोघं मिळून काचा धुवायची. लांब दांड्याला ब्रश, ब्रशपर्यंत नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला गाडीतला पंप आणि पाण्याची टाकी. पाणी घरून भरून न्यायचं, घरच्या यंत्रातून इतकं गाळलेलं, की वाळल्यावर काचेवर एकही डाग राहू नये. ताईनेच बाळ्याला हे काम शिकवलं होतं. मग तिचे गुडघे गेले आणि ती गाडीत बसली.

गाडीत बसली म्हणजे नुसती बसली नाही. काच धुणाऱ्याला राहिलेला कोपरा जवळून दिसत नाही, तो लांबूनच दिसतो. त्यामुळे गाडी इमारतीपासून लांब उभी करायची आणि ताईने आतून इमारतीवर नजर ठेवायची. डावीकडे राहिलं, तर हॉर्न एकदा. उजवीकडे राहिलं, तर दोनदा. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, नवराबायकोचं वाजलंय. मधल्या वेळात तिचा डोळा लागायचा, तेव्हा बाळ्याला हॉर्न ऐकू यायचा नाही आणि तो समजायचा, आज काम झकास चाललंय.

जुनी गाडी धूर सोडायची. रुग्णालयाने आवारात धुराच्या गाड्यांना बंदी केली आणि रुग्णालय हे त्यांचं सगळ्यात मोठं काम, म्हणून ही विजेची गाडी आली. जुन्या गाडीत टाकी म्हणजे एक निळं पिंप होतं, दोरीने बांधलेलं. ब्रेक दाबला, की पिंपातलं पाणी पुढे धावायचं आणि पिंप ताईच्या सीटला मागून ढुशी मारायचं. ताई न बघता हात मागे नेऊन म्हणायची, "अगं हो, हो, कळलं." इतकी वर्षं तिच्या पाठीशी असं कुणीतरी होतं.

फिटरला हे सांगितलं, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"दोरीने? ताई, तुमचं आयुष्य दांडगं आहे. एकदा जोरात ब्रेक लागला असता, तर ते पिंप तुमच्यासकट काचेतून बाहेर गेलं असतं."

"ते कधी वाईट वागलं नाही हो," ताई म्हणाली.

फिटर हसला नाही. तो कामाला वाहिलेला माणूस होता, बोलता बोलता हाताने टेपही ताणत असायचा. पोलादी सांगाडा करू, तो कारखान्याने दिलेल्या जागांवर आवळू, टाकीच्या पोटात आडव्या भिंती असतील म्हणजे पाणी एकदम धावणार नाही, आणि सीटच्या मागे भक्कम पडदी घालू, असं त्याने सांगितलं. मग त्याने विचारलं, "गाडीत माणसं किती?"

"दोन," बाळ्या म्हणाला.

फिटरने टेप गुंडाळली. "मग मोठी टाकी नाही बसायची. या गाडीचा निम्मा दम बॅटरीनेच खाल्लेला असतो. वर फार घालता येत नाही. मोठी टाकी घेतलीत, तर माणूस एकच."

कोण उतरणार, हे बोलायची गरजच नव्हती. ज्याच्या हातात दांडा तो गाडीत राहणार. ताईने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

मोठी टाकी हवी, हा हट्ट तिचाच होता. जुन्या पिंपातलं पाणी रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यापर्यंत पुरायचं आणि सहाव्यासाठी बाळ्याला घरी येऊन पुन्हा भरून जावं लागायचं. त्याचा उजवा खांदा अलीकडे कुरकुरत होता. टाकी मोठी असली, की शेवटचा मजला एका दमात उरकेल आणि बाळ्या दुपारी पाठ टेकेल, एवढाच तिचा हिशेब होता. त्या हिशेबात आपणही मोजले जाऊ, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिला मरणाची भीती नव्हती, दुपारची होती. घरातल्या एकुलत्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. त्या भिंतीकडे बघत दिवस काढायचा, ही कल्पना तिला सोसवेना. तिने जन्मभर बाहेरून दुसऱ्यांची घरं पाहिली होती. कुणी आरशासमोर भाषणाची तयारी करत असे, कुणी रिकाम्या पाळण्याला झोका देत असे, एक म्हातारे गृहस्थ दर खेपेला दोन कप मांडून एकच भरत. पाण्याच्या पडद्यातून सगळी माणसं थोडी वितळल्यासारखी दिसायची आणि ती तिला आपली वाटायची. त्यांच्यापैकी एकानेही तिला नाव विचारलं नव्हतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर न्यायची होती. सांगाडा ठरवण्याआधी फिटरला वजन डोळ्यांनी पाहायचं होतं. ताईने सकाळी चहासुद्धा घेतला नाही.

"बरं नाही का?" बाळ्याने विचारलं.

"इच्छा नाही."

काट्याशी पोचल्यावर बाळ्या आत बोलायला गेला. तेवढ्यात ताई खाली उतरली. तिने सीटखालचं लोखंडी स्टूल काढून भिंतीआड ठेवलं. त्यावर आपला लोकरी कोट घडी करून ठेवला. किल्ल्यांचा जुडगा ठेवला. थोडा विचार केला आणि पायातले बूटही काढून शेजारी मांडले. मग मोजे घातलेल्या पायांनी परत सीटवर चढून, साळसूद चेहऱ्याने समोर बघत बसली. गाडी काट्यावर गेली, तेव्हा तिने श्वासही रोखून धरला. श्वासाचं वजन किती असतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण आपल्याकडून कसर नको.

फिटर भिंतीआडून आला तो तिचे बूट हातात घेऊन. त्याने बाळ्याकडे पाहिलं नाही. सरळ तिच्या दाराशी आला आणि बूट तिच्या पायांशी ठेवले.

"घाला, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "बुटांसकट मोजायचं असतं. रस्त्यावर तुम्ही काही अनवाणी जाणार नाही."

ताईला भयंकर लाज वाटली. या वयात चोरी, आणि तीही स्वतःचीच. तिने बूट घातले. नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या.

बूट घालून झाले, कोट आला, स्टूल आलं. काट्याने सांगायचं ते सांगितलं. मोठी टाकी भरली, तर गाडीत एका माणसाचं वजन जास्त होत होतं. नेमकं एका माणसाचं, आणि तेही फार जाड नसलेल्या.

"मला नाहीतरी ही गाडी आवडलेली नाही," ताई बाळ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "आवाजच करत नाही. मला गरगरतं."

"काल तर म्हणालीस, पाळण्यात झोपल्यासारखं वाटलं."

"काल काल होता."

"ताई, खोटं तुला कधी जमलंय का?"

"बाळ्या, ऐक. मोठी टाकी घे. सहावा मजला एका दमात होईल. मी घरी बसेन, स्वेटर विणेन."

"तुला विणता येतं?"

"शिकेन."

बाळ्याने डोक्यावरून हात फिरवला. तो मितभाषी माणूस होता, मनातलं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. आता ते लाल झाले होते.

"हॉर्न कोण वाजवणार?" तो म्हणाला.

"तुला डोळे नाहीत?"

"राहिलेला कोपरा जवळून दिसत नाही. तूच शिकवलंस." आणि तो फिटरकडे वळला. "लहान टाकी बसवा."

"अरे, तुझा खांदा?"

"खांदा माझा आहे," बाळ्या म्हणाला आणि विषय तिथेच मिटला.

टाकी बसवायला आणखी दोन दिवस लागले. ताई फिटरच्या शेडच्या दाराशी स्टूल टाकून बसून राहिली. फिटर एकेक बोल्ट आवळायचा, त्यावर पांढरी रेघ ओढायचा आणि सांगायचा, "रेघ सरकलेली दिसली, की बोल्ट ढिला पडलाय. महिन्यातून एकदा बघायचं." ताईने मान डोलावली. बघायचं काम तर तिचंच.

बाळ्या नळीची गुंडाळी आणायला गेला होता, तेव्हा ती काठी टेकत उठली आणि मागच्या दारातून आत डोकावली. लहान टाकी पडदीला चिकटून घट्ट बसली होती. पण पोलादी सांगाडा तिच्यापेक्षा लांब होता. टाकीच्या मागे एक चौकट मोकळी राहिली होती. चारी बाजूंनी नीट रंगवलेली, खाली पट्ट्यांसाठी कड्या लावलेली. त्यात काहीच नव्हतं.

"ही जागा कशाला सोडलीत?"

फिटरने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पुढे कधी टाकी वाढवायची झाली, तर. छोटी दुसरी टाकी बसेल तिथे."

"पुढे कधी?"

फिटर बोल्टवरची रेघ पुन्हा ओढू लागला. ती आधीच ओढलेली होती.

"मी नसेन तेव्हा, असंच ना?"

"ताई, तसं नाही हो..."

"तसंच आहे. आणि त्यात चुकलं काय?" ताई म्हणाली. "सांगाडा एकदाच बसलेला बरा. माझ्यामागे त्याने पुन्हा सगळं उचकटत बसायचं की काय?" तिने चौकटीच्या आत हात नेला, तळावर टेकवला. रंग अजून थोडा चिकट होता. "किती पाणी मावेल इथे?"

"तुमच्याएवढं," फिटर म्हणाला.

"मग होईल सहावा मजला," ताई म्हणाली.

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या चौकटीकडे बघताना तिला एक विचित्र समाधानही वाटत होतं. जगात आपली म्हणून एक जागा कुणीतरी मापून, रंगवून, कड्या लावून ठेवली होती. असं तिच्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ते सकाळीच निघाले. गाडी सुरू झाली हे फक्त समोरच्या दिव्यांवरून कळलं. रस्ता आपणहून मागे सरकू लागला. इंजिनाची घरघर नसल्याने ताईला आयुष्यात पहिल्यांदा पाणी स्पष्ट ऐकू आलं. जुन्या पिंपातल्यासारखं ते आदळत नव्हतं. टाकीच्या पोटातल्या भिंतींमधून ते हलकेच इकडून तिकडे होत होतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात बोलावं तसं. वळणावर बोलणं जरा वाढायचं, सरळ रस्त्यावर कमी व्हायचं. ताईचे डोळे मिटले.

तिला दिसलं, की ती एका खोलीत आहे. काचेवरून पाणी वाहत होतं आणि काचेपलीकडे बाहेर कुणीतरी ब्रश फिरवत होतं. पाण्याने त्याचा चेहरा वितळला होता. ती आतून खुणा करून सांगत होती, डावीकडचा कोपरा राहिला, डावीकडचा. तो थांबला, त्याने नीट पाहिलं आणि तिला नावाने हाक मारली. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते समजायच्या आत ब्रेक लागला.

ताईचा हात सवयीने मागे गेला. ढुशी आली नाही. हाताला थंड, पक्की पडदी लागली. तिने हात तसाच तिथे ठेवला आणि पडदीपलीकडचं पाणी शांत होईपर्यंत ऐकत राहिली. त्याच्याही मागे ती चौकट होती. तिथून काहीच आवाज येत नव्हता.

रुग्णालयाच्या पाच मजल्यांच्या काचा धुऊन झाल्या. तिने एकूण चारदा हॉर्न वाजवला, त्यातला एक उगीच, बाळ्याने वळून बघावं म्हणून. पाचव्या मजल्याची शेवटची काच झाली आणि पंप कोरडा घुरघुरला. वर सहाव्या मजल्याच्या काचा धुळकट, उन्हात डोळे किलकिले केल्यासारख्या उभ्या होत्या.

"दुपारनंतर," बाळ्या त्यांच्याकडे बघून म्हणाला. उजवा खांदा दाबत त्याने नळी गुंडाळली, मागचं दार उघडलं आणि ओल्या बादल्या त्या मोकळ्या चौकटीत ठेवू लागला. मापातच बसत होत्या.

"तिथे नको," ताईने पुढून सांगितलं.

"का? रिकामीच तर आहे."

"ती सहाव्या मजल्याची जागा आहे. तिथे काही ठेवायचं नाही."

बाळ्या बादल्या हातात घेऊन उभा राहिला. त्याने चौकटीकडे पाहिलं, तिच्या कड्यांकडे पाहिलं. मग बराच वेळ तो कुठेच पाहत नव्हता. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

बादल्या घेऊन तो पुढे आला. तिच्या बाजूचं दार उघडलं, बादल्या तिच्या पायांशी पालथ्या घातल्या, तिचे दोन्ही पाय बुटांसकट उचलून अलगद त्यांच्यावर ठेवले आणि दार लावलं.