तिसरा धोंडा

आठ दिवस झाले होते, झिपरूआबांचं बूड काही एका जागी टेकत नव्हतं. ओट्यावर बसले की उठत, उठले की टोपी घालत, टोपी घातली की कुठे निघालो होतो तेच विसरत. जेवायला बसले तर भाकरीचे तुकडे ताटाच्या दोन बाजूंना लावत आणि मधून मिठाची रेघ ओढत. बेबाबाई, त्यांची बायको, हे सगळं मुकाट्यानं बघत होती. एक दिवस तिला राहवलं नाही.

“पहिले पोटात घाला,” ती म्हणाली. “मंग वावराची वाटनी करजा.”

आबांना हसू आलं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सगळी लेकरं घरी असताना, वाटणी करायची असं त्यांनीच गावभर सांगून ठेवलं होतं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

जमीन रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, राज्य जिथे संपतं तिथे. वावरं दोन. एक विहिरीचं. रस्त्याला लागून, काळंभोर, केळीनं गच्च भरलेलं. भर वैशाखातही त्या विहिरीचं पाणी आटत नाही. दुसरं सीमेचं. त्याचा वरचा बांध हीच महाराष्ट्राची हद्द, त्यामुळे आबांचा बैल दावं सुटलं की मध्य प्रदेशात चरून येई. हे वावर आकारानं मोठं, पण नुसता मुरूम. पाऊस देईल तेवढा कापूस घ्यायचा आणि गप्प बसायचं.

पोरं दोन, असं आबा विचारणाऱ्याला सांगत. थोरला प्रेमराज शाळा सोडून बापाच्या मागे वावरात आला तो आलाच. केळीचं एकेक खोड त्याच्या हातचं. दुसरा ललित धुळ्याला, देवपुरात क्लास चालवतो. माणूस सरळ; शेती करणार नाही, वाट्याला येईल ते विकणार, हे त्यानं बापाच्या तोंडावर सांगितलेलं. आणि शेंडेफळ रत्ना, बोदवडकडे दिलेली. ती आखाजीला माहेरी आली की हक्कसोडीवर तिची सही घ्यायची, एवढंच तिच्याबद्दल ठरवायचं होतं. त्यासाठी बेबाबाईनं मोरपंखी साडी आणून कपाटात ठेवली होती. भावांनी जमीन घ्यायची आणि बहिणीनं साडी, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कोणाला वावगं दिसतच नाही.

विहिरीचं वावर प्रेमराजला जावं, आबांना एवढंच हवं होतं. ललितच्या हाती पडलं तर वर्षाच्या आत तिथे कुण्या व्यापाऱ्याचं गोडाऊन उभं राहणार, आणि ज्यानं हाडाची काडं केली तो मुरमात डोकं आपटत बसणार. मग द्यावं की सरळ प्रेमराजला, हात कोणी धरलाय? हात धरला होता घरच्या रीतीनं. या घराण्यात बाप हिस्से पाडतो, प्रत्येक हिश्श्याचा एक धोंडा मांडतो, आणि सगळ्यांत लहान लेकरू आधी उचलतं. ते ज्या धोंड्यावर नारळ फोडेल तो हिस्सा त्याचा. विहीर ज्याच्या वाट्याला, पाणीही त्याचंच.

तशी रीत मोडायला आबा मागेपुढे बघणारे नव्हते. त्यांना धाक होता तो उखर्डूनानांचा. उखर्डूनाना त्यांचे थोरले भाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वी याच रीतीनं धाकट्या झिपरूनं आधी नारळ फोडला होता, विहिरीच्या धोंड्यावर, आणि उखर्डूच्या पदरात डोंगराकडचा मुरूम पडला होता. पुढे केळीच्या जोरावर झिपरूनं उखर्डूच्या मुरमाशेजारचं सीमेचं वावरही घेतलं. वाटणीच्या दिवशी उखर्डूनं एकच गोष्ट मागितली होती, आठवड्यातून पाण्याची एक बारी. “रीत नही,” झिपरू म्हणाला होता. तेव्हापासून नाना लग्नाला आले, मर्तिकाला आले, आखाजीच्या पुरणपोळीलाही आले. पण त्या विहिरीचं पाणी त्यांनी तोंडाला लावलं नाही. वावरात येणं झालंच तर काखेत स्वतःची बाटली असे. आणि आता वाटणीला पंच म्हणून तेच बसणार होते. त्यांच्या देखत रीत मोडायची तर कोणत्या तोंडानं?

मग आबांनी डोकं लढवलं. ललितनं आपण होऊन सीमेचं वावर घ्यावं म्हणून ते त्या हिश्श्यात एकेक चीज टाकत गेले. आधी ट्रॅक्टर टाकला. मग आठवलं, ट्रॅक्टर गेला तर प्रेमराज केळी काढणार कशानं? ट्रॅक्टर परत आला आणि गावातलं घर तिकडे गेलं. पण मग प्रेमराजची बायकापोरं राहणार कुठे? घर निम्मं परत आलं. त्याच्या बदल्यात दोन्ही म्हशी गेल्या.

“ललित देवपुरात म्हशी बांधीन कोठी? जिन्यात?” बेबाबाईनं विचारलं.

म्हशीही परत आल्या. आबा चिडून वावरात निघून गेले. तिथे प्रेमराज केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होता.

“तुले कोनतं वावर पायजे रे?” आबांनी विचारलं.

“उरीन ते,” प्रेमराज म्हणाला. त्यानं मान वर केली नाही, विळा चालूच ठेवला.

त्यानं भांडण केलं असतं तर आबांना बरं वाटलं असतं. हे असलं ऐकून ते आले तसे परत गेले.

आखाजी झाली. पितरांच्या नावानं घागर भरली, पोरींनी झोके घेतले, रत्नानंही गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळे विहिरीजवळच्या निंबाखाली जमले. आबांनी दोन धोंडे मांडले, एक विहिरीच्या वावरातला, एक सीमेच्या वावरातला, आणि दोन्हींना कुंकू लावलं. नाना खाटेवर बसले. बाटली त्यांनी खाटेच्या पायाशी ठेवली. ती बघून आबांचा आवाज उगीचच चढला.

“आपल्या घरची रीत बठ्ठ्यांले माहीत हाये. धाकटं लेकरू पहिले उचलतं. मी धाकटा व्हतो, म्या उचललं. आजबी तसंच व्हईन. कोनाले काही म्हननं हाये?”

कोणाला काही म्हणणं नव्हतं. ललित पुढे सरकला. तेवढ्यात रत्नानं ताटातला नारळ उचलला.

“दे त्याले,” बेबाबाई म्हणाली. तिला वाटलं, पोरगी भावाच्या हातात देतेय.

“काहून देऊ, माय? ललितभाऊच्या पाठची मी हाये ना?” रत्नानं नारळ पोटाशी धरला. “धाकटं लेकरू मीच हाये. आबा, वावरं दोन हायेत, पन लेकरं तीन. तिसरा धोंडा ठेवा. मंग मी उचलते.”

आठ दिवस आबांनी ट्रॅक्टर मोजला, घर मोजलं, म्हशी मोजल्या; ही पोरगी त्यांच्या मोजण्यात आलीच नव्हती.

“तू आधी बोलली असतीस तर...” ललित म्हणाला.

“बोलली असती तं आखाजीले बोलावलं असतं का मले?”

“मायनं तुह्यासाठी साडी आनेल हाये,” आबा कसंबसं म्हणाले.

“साडीनं तहान जात नही, आबा.” रत्ना म्हणाली. “बोदवडकडे दिलं मले. घर चांगलं पाहून दिलं, मी नाव ठेवत नही. पन चैत लागला की टँकरच्या मांगे हंडा घेऊन पयते, तवा मले हीच विहीर दिसते. केयीच्या पाटात पाय सोडून बसायची मी. मले ती पायजे.”

आबा उसळून उठले. “पोरी नारळ फोडत नसतात! आजपर्यंत कोनी फोडला? रीत नही!”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. उखर्डूनाना खाटेवरून त्यांच्याकडे बघत होते.

“धाकटीले डावलून रीत मोडनं इतकं सोपं व्हतं,” नाना हळूच म्हणाले, “तं तवा मोडायची व्हती, झिपरू. म्या एक बारीच मांगेल व्हती.”

विहिरीवरची मोटर घरघरत होती. मग प्रेमराज उठला. आता हा तरातरा निघून जाणार, असं आबांना वाटलं. तो बांधापर्यंत गेला, तिथला एक धोंडा उपसला, खांद्यावर घालून आणला आणि पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवला. कुंकवाचं बोटही त्यानंच लावलं.

“उभी केयी माही हाये,” तो बहिणीला म्हणाला. “घड मी कापीन.”

“तुहीच हाये, दादा.”

आबांनी खाली बसून तोंडावर उपरणं घेतलं. ज्याच्यासाठी आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, त्यानंच तिसरा धोंडा आणून ठेवला होता. रागवावं तरी कोणावर? थोड्या वेळानं ते उठले, चुन्याची फक्की घेतली आणि विहिरीच्या वावरात रेघ ओढली. रस्त्याकडचा एक हिस्सा, विहिरीकडचा एक, आणि सीमेचं सगळं वावर मिळून तिसरा. रेघ वाकडी गेली. पुसून पुन्हा ओढली.

रत्नानं विहिरीच्या धोंड्यावर नारळ फोडला. ललितनं रस्त्याकडचा हिस्सा घेतला. उरलं ते प्रेमराजचं.

“अजून एक,” रत्ना म्हणाली. “पान्याच्या बाऱ्या पाडा. दादाच्या वावरात पाईप टाकू, तिकडंबी केयी व्हईन. ललितभाऊचं वावर जो घेईन, त्याले त्याची बारी. एक माही.” मग ती खाटेकडे वळली. “आन् एक नानाची.”

नानांची मान नुसती हलत राहिली.

रत्नानं मोटरच्या धारेखाली तांब्या विसळला, भरला आणि त्यांच्यासमोर धरला. नानांनी आधी आपल्या बाटलीकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग भावाकडे. डोळे भरलेले असतानाही त्यांच्या मिशीखाली थोडं हसू आलं.

“पहिले धाकट्याले दे, बाई,” ते म्हणाले. “रीत हाये.”

तांब्या आबांच्या हातात आला. उन्हानं आणि बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी तांब्या ओठांपर्यंत नेला. तसाच तो खाली घेऊन ते खाटेजवळ गेले.

“आज नही, भाऊ,” ते म्हणाले. “आज तू पहिले.”

उखर्डूनानांनी ओंजळ धरली.